उन्हाचा धवला

विठ्ठलवाडी
१४ एप्रिल

जयदेव,

कागदावर लिहिते आहे म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस आणि तुझं सगळं घर मध्ये बोलायला लागतं. मेसेज केला की तू न वाचता अंगठा पाठवतोस. मागच्या आठवड्यात मी विचारलं, आईची बीपीची गोळी संपली का, त्यालाही अंगठाच आला. हे पत्र गुरुदत्तच्या भाजीच्या टेम्पोतून येईल. त्याला सांगितलंय, हातात दे आणि वाचेपर्यंत समोरून हलू नकोस.

तुझ्या किर्तीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. भूपेशचा फोटो पाहिला, मुलगा बरा वाटतो. मग मुहूर्त वाचला. आठ मे, दुपारी बारा पस्तीस. मी तो सुजितला मोठ्यानं वाचून दाखवला. तो म्हणाला, "कोणाला मारायचं ठरवलंय?"

तुझ्या अंगणात ताडपत्रीच्या मांडवात आई बसणार, तुझी आत्या. भटजी येईल तेव्हा येईल, आधी धवलारीण बसते आणि तिचा धवला गाऊन झाल्याशिवाय आपल्याकडे लग्न पुढे सरकत नाही, हे मला शिकवू नकोस. मी तिच्याच पोटची आहे. पण ती सत्तरीची झाली. त्यात धवला संपेपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही, हा तिला गाणं शिकवणाऱ्या काकीचा नियम. काकीच्या वेळी मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा असायचा. तुझा निळ्या प्लास्टिकचा आहे.

सुजितचं तुला माहीत आहे, पण तू ते विसरलास असं दिसतं. मागच्या मे महिन्यात आनंदनगरच्या त्या कारखान्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो बडबडायला लागला. हेल्परला आई म्हणून हाक मारली. चालताना झोकांड्या जायला लागल्या. सुपरवायझरला वाटलं, प्यायलाय. जो माणूस हळदीलासुद्धा सोडा पितो त्याला पोत्यांवर झोपवून ठेवलं, उतरेल म्हणून. दारू असती तर उतरली असती. जीव वाचला, पण तेव्हापासून माझ्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं मी लावते.

मुहूर्त संध्याकाळचा घे. एवढंच मागते आहे, अहेरात दुसरं काही नको.

विनिता

◆

बदलापूर गाव
२५ एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला, लग्नघर आहे, माफ कर. गुरुदत्त खरंच उभा राहिला होता. त्याची मेथी सुकली, मग त्याला चहा पाजून पाठवला.

मुहूर्ताचं तू माझ्यावर टाकू नकोस. तो दौलतरावांच्या गुरुजींनी काढलाय. दौलतराव भूपेशचे वडील, आणि आपण मुलीकडचे. मी काय सांगणार, उन्हाचं बघा? जंबो कूलर सांगितलेत, स्टेजजवळ दोन आणि जेवणाकडे एक. पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स येणार आहेत. फुल सेट आहे, टेन्शन घेऊ नकोस.

आणि आता तर टेन्शनच संपलं. काल शेजारी नाथाच्या मुलाच्या लग्नात आत्याच्या अंगात देवी आली.

सगळं सांगतो. आत्या सकाळपासून मांडवात बसली होती. दुपारी एकदम धवला तुटला. आत्याचा शब्द कधी चुकल्याचं कोणाला आठवत नाही, काल तिला पुढची ओळच येईना. डोळे लाल, चेहरा लाल. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि तिचं अंग कोरडं, कढत. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, कधी आलास?" माझ्या बाबांना दादा म्हणायची ती. बाबांना जाऊन किती वर्षं झाली, ताई. पाणी पुढे केलं तर हात मारून उडवलं. मग थरथरायला लागली. नाथाची बायको म्हणाली, एकवीरा आली, आणि सगळ्यांनी हात जोडले.

आम्ही काही कमी केलं नाही. हळदकुंकू लावलं, ओटी भरली, धूप केला, नवी शाल पांघरली. बायका चारी बाजूंनी गोल करून बसल्या. मग एकेकानं तांब्याभर पाणी तिच्या पायांवर घातलं. पाहुणे धरून सगळं गाव आलं. विहिरीचं गार पाणी, बसल्या जागी चिखल झाला, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. ऊन कललं तेव्हा ती शुद्धीवर आली. काहीच आठवत नाही म्हणाली आणि झोपली. आज बरी आहे, जरा डोकं दुखतंय.

दौलतरावांना कोणीतरी व्हिडिओ पाठवला. त्यांचा सकाळीच फोन आला, फार खूश होते. म्हणाले, आमच्या लग्नातही दर्शन होऊ दे.

जयदेव

◆

विठ्ठलवाडी
२६ एप्रिल

जयदेव,

तुझं पत्र वाचल्यावर लगेच फोन केला. मागे ढोल वाजत होता. तू म्हणालास, "ताई, नंतर बोलतो," आणि नंतर अंगठा पाठवलास. म्हणून पुन्हा कागद.

मी तुझं पत्र सुजितला वाचून दाखवलं. अंग कोरडं आणि कढत, इथे त्यानं मान वर केली. तू तिला तुझा बाप वाटलास, तिथे म्हणाला, थांब. मग म्हणाला, "आईंना विचार, थंडी वाजत होती का. मला वाजत होती." हे त्यानं मला वर्षभरात कधी सांगितलं नव्हतं.

कारखान्यात त्याला दारू चढली म्हणाले. तुम्ही म्हणालात देवी आली. मी देवीला नाही म्हणत नाही, माझ्याही देव्हाऱ्यात तिचा टाक आहे. पण अंग तापून घाम बंद झाला आणि माणूस भलतंच बोलायला लागला की त्याच्या मेंदूला ऊन लागलेलं असतं, आणि तो मरू शकतो, असं सुजितच्या डॉक्टरनी सांगितलंय. असं कोणाचंही झालं तर शाल घालू नका, भिजवा. गोल करून बसू नका, वारा येऊ द्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत भिजवत राहा.

आईला वाचवलं ते त्या तांब्यांनी. पूजा म्हणून घातलेलं पाणी होतं, पण सगळ्या गावानं घातलं आणि गार होतं, म्हणून ती आज डोकं दुखतंय म्हणायला आहे. नाथाची विहीर आटलेली असती तर तू मला हे पत्र लिहिलं नसतंस, फोन केला असतास.

आणि आता तुझे व्याही दर्शनाची वाट बघत बसणार. म्हणजे आठ तारखेला भर दुपारी आई तापायला लागली की कोणी तिला उठवणार नाही. सगळे हात जोडून आणखी तापायची वाट बघतील. मला याची भीती वाटते, जयदेव. नुसत्या उन्हाची एवढी वाटत नव्हती.

परवा सकाळी येते आणि तिला इकडे घेऊन येते. तिची पिशवी भरून ठेव.

विनिता

◆

बदलापूर गाव
३० एप्रिल

ताई,

तू आलीस, बोललीस आणि चहा न घेता गेलीस. अंगणात माझे पाहुणे बसले होते. त्यांना तू अडाणी म्हणालीस. मला म्हणालीस ते ठीक आहे, मला सवय आहे. पण नाथाची बायको रडली. तिनं त्या दिवशी आत्याजवळून कोणाला हलू दिलं नव्हतं, स्वतः उपाशी बसली होती.

आत्या तुझ्याबरोबर आली नाही, यात माझा दोष नाही. मी पिशवी भरली होती. तिनं ती माझ्यासमोर रिकामी केली. तू गेल्यापासून ती कोणाशी बोलत नाही. मंगळवारी बायका ओट्या घेऊन आल्या तेव्हा न्हाणीघरात जाऊन बसली.

एक गोष्ट तुला तोंडावर सांगितली नाही, कारण तू बोलू दिलं नाहीस. मी दौलतरावांना विचारलं होतं. स्वतः अंबरनाथला गेलो, भर दुपारी, म्हटलं ऊन त्यांनाही दिसेल. ते एसीत बसले होते. म्हणाले, "जयदेवशेठ, ऊन काय यंदा नवीन आलंय का?" मी म्हटलं, आत्याचं वय झालं. तर म्हणाले, जिच्या अंगात देवी येते तिला उन्हाची काय भीती. तू आणलेला डॉक्टरचा कागद दाखवला असता तर म्हणाले असते, मुलीकडचे आत्तापासून अटी घालतात. किर्तीला त्या घरात जन्म काढायचाय.

मुहूर्त बारा पस्तीसचाच आहे. तू ये, नाहीतर रागावून बस. मी आत्याजवळ एक माणूस उभा करतो, पंखा घेऊन. मला एवढंच जमतंय.

जयदेव

◆

बदलापूर
३ मे

विनिता पोरी,

अक्षर बघून हसू नको. चौथीनंतर हात मोडला तो मोडलाच. हे कोनाला सांगून लिवून घेन्यासारखं नाय म्हनून मीच लिवते.

जावयांनी इचारलं होतं ना, थंडी वाजत होती का. वाजत होती. एवढ्या उन्हान मना हुडहुडी भरली होती. जावयांना सांग तेंचं बरोबर हाय.

ती देवी नव्हती. कोनाला बोलले नाय, तुला सांगते. इतकी वर्सं मी मांडवान देवीला बोलावते. ती येते ती कशी येते मना ठाव हाय. ती आली का गानं सुटत नाय, पाठ नसलेलं पन तोंडान येतं. त्या दिवशी माझं गानं गेलं. सगलं डोकं रिकामं झालं. देवी कधी गानं काढून नेत नाय. मी लय घाबरले.

तुझ्याबरोबर आले नाय ते हट्टानी नाय. मी नाय बसले तर वेणूला बसवतील. माझ्या हाताखाली शिकली ती एकटीच हाय गावान. तिला सातवा महिना हाय. ती नाय बोलनार नाय, तिला हौस हाय आनि नियम पन पालते, पानी पिनार नाय. आता समजलं का.

एक काम कर. तुझ्या डाक्टरनी उन्हाचं काय काय सांगितलंय ते मोठ्या अक्षरान लिवून धाड. सगलं लिव. लाज वाटेल ते पन लिव. मना गानी पाठ होतात, ते पन होईल.

जयदेववर रागावू नको. तो दोन्हीकडून मार खातोय.

तुझी आई

◆

विठ्ठलवाडी
४ मे

आई,

वेणूचं मला माहीत नव्हतं. मी तुला हट्टी म्हणाले ते मागे घेते, सगळं नाही, थोडं.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. दुपारी बारा ते चार उन्हात आणि ताडपत्रीखाली बसायचं नाही. म्हातारं माणूस, पोटुशी बाई आणि लहान मूल यांना तर मुळीच बसवायचं नाही, आणि एकटंही सोडायचं नाही. तहान लागायची वाट बघायची नाही, आधीच पाणी प्यायचं. नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचं पाणी, ताक, कोकमचं सरबत, पेज हे बरं. तुझ्या बीपीमुळे तुला मीठ किती चालेल ते मी डॉक्टरना विचारलं, ते म्हणाले ताकात चिमूटभर, जास्त नाही. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. सैल सुती कपडे घालायचे. डोक्यावर ओलं फडकं ठेवायचं. चुलीपाशी काम करणाऱ्यानं दुपारी उठायचं, आणि वाजंत्रीवाल्यांचे ते जाड कोट म्हणजे शिक्षाच आहे.

लाज वाटेल ते लिही म्हणालीस म्हणून लिहिते. लघवीचा रंग बघायचा. पिवळीजर्द झाली तर अंगात पाणी कमी आहे. चक्कर, उलटी, पायात गोळे, डोकं ठणकणं ही पहिली खूण, तेव्हाच गार जागी जाऊन आडवं व्हायचं. घाम थांबला आणि बडबड सुरू झाली की वेळ नाही. कपडे सैल करायचे, सगळं अंग भिजवायचं, मानेला, काखेत, जांघेत गार कापड लावायचं, वारा घालायचा आणि १०८.

एवढं सगळं तू पाठ कशाला करतेस मला कळत नाही. तुला एकच करायचंय, मध्ये उठून पाणी प्यायचंय. काकी वरून बघायला येत नाही. आणि वेणूला सरळ तिच्या माहेरी पाठवून दे.

आम्ही वरच्या मजल्यावर शिजतो आहोत. गच्चीवर चुन्याचा हात दिला, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, त्यामुळे सुजित दुपारी झोपू तरी शकतो. त्याला अशा उन्हात मी बाहेर काढणार नाही. आठ तारखेला मी एकटी येईन, सकाळीच, आणि तुझ्या शेजारी बादली घेऊन बसेन. जयदेवच्या पाहुण्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

विनिता

◆

बदलापूर गाव
७ मे

ताई,

घाईत लिहितोय, गुरुदत्त टेम्पो चालू ठेवून उभा आहे. फोन केला असता, पण मागे आज पुन्हा ढोल आहे आणि तू म्हणशील स्पीकरवर टाकला.

सकाळी हळदीला देवी आली. यावेळी ऊन अंगणात उतरलंही नव्हतं. आत्या मांडवात बसली, पहिला धवला म्हणाली, आणि मध्येच डोळे मिटून घुमायला लागली. बोलली नाही, गायली. धवल्याच्याच चालीत. एक शब्द अडखळला नाही. मी तुला सांगतो, असा आवाज मी तिचा लहानपणापासून ऐकला नव्हता.

गायली की, सूर्य डोक्यावर असताना माझ्या लेकीला मांडवात उभी करू नका, ऊन उतरलं की मी येईन आणि लग्न लावीन. म्हातारं माणूस, पोटुशी बाई, तान्हं लेकरू सावलीत बसवा. दारात येईल त्याला आधी मीठ-साखरेचं पाणी, मग मान. वाजंत्र्यांचे कोट काढा. आचाऱ्याला दुपारी चुलीपासून उठवा. माझी गाणारीण मध्ये पाणी पिईल, तिला कोणी बोलायचं नाही. आणि कोणी तापून बडबडलं तर माझं नाव घेऊन शाल घालू नका, त्याला भिजवा, १०८ची गाडी बोलवा. बरंच काही होतं. लघवीचंसुद्धा होतं, ते मी लिहीत नाही. म्हातारे खाली बघत होते.

दौलतराव व्हिडिओ कॉलवर हळद बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी आत्याच्या पाया पडलो, तर इकडे मोबाइलमध्ये तेही हात जोडून उभे राहिले. गुरुजींना त्यांनीच फोन केला. गोरजाचा मुहूर्त निघाला. ग्रुपवर नवीन पत्रिका टाकली आहे, बघ.

उद्या दुपारी बाराला येऊ नकोस. ऊन उतरल्यावर ये आणि सुजितभाऊजींना घेऊन ये. त्यांची खुर्ची कूलरजवळ ठेवतोय.

जयदेव

◆

विठ्ठलवाडी
१२ मे

जयदेव,

लग्न चांगलं झालं. किर्ती गोड दिसत होती. सुजित वर्षभरानं चारचौघांत बसला, दोन जिलब्या खाल्ल्या आणि तुझ्या व्याह्यांना कारखान्यात काय झालं ते स्वतः सांगितलं. दौलतराव ऐकत होते. मला वाटलं होतं तेवढा वाईट माणूस नाही.

आठ तारखेला दुपारी बारा पस्तीसला मी मुद्दाम गॅलरीत गेले. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कठड्याचं लोखंड हाताला लागलं आणि फोड आला, तो अजून आहे. या वेळेला आई मांडवात असती, एवढंच मनात येत राहिलं. तू देवीचं ऐकलंस ते बरं केलंस.

नाथाच्या बायकोची माफी मागितली. तिनं मला कोकमचं सरबत दिलं आणि पिऊन होईपर्यंत समोरून हलली नाही.

एक विचारायचं होतं. धवला वेणूनं म्हटला, छान म्हटला, मध्ये पाणीही प्यायली. पण ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता, मग आई का बसली नाही? मागे खुर्चीवर गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, पदर नीट घे.

विनिता

◆

बदलापूर गाव
१६ मे

ताई,

"देवीचं ऐकलंस ते बरं केलंस" हे तू कसं सरळ चेहऱ्यानं लिहिलंस?

मी गाढव असेन, पण एवढा नाही. पाया पडताना मी आत्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं, घामानं ओलं होतं. आणि "शाल घालू नका, भिजवा" हे वाक्य माझ्या खिशात होतं, तुझ्या अक्षरात. देवीला १०८चं कसं माहीत, हा विचार माझ्या मनात आला तेव्हाच मी सगळ्यांत आधी पाया पडलो. दुसऱ्या कोणाच्या मनात तो यायच्या आत. मुलीच्या बापाचं दौलतरावांनी ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नसतं. मला एक माणूस हवा होता ज्याला ते नाही म्हणू शकत नाहीत. आत्याला तो सापडला. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल.

गावात पुढची तीन लग्नं गोरजावर गेली आहेत. तीनही घरांनी आत्याकडे सुपारी आणली. तिनं घेतली नाही, वेणूकडे पाठवलं. वेणूला आता आठवा लागेल म्हणून ती पंख्याखाली बसून म्हणते. मी आत्याला विचारलं, तर म्हणते गळा गेला. काल मी चपला घालून देवघराच्या उंबऱ्यात गेलो तेव्हा ती अशी ओरडली की नाथा त्याच्या घरातून बाहेर आला. गळ्याला काही झालेलं नाही.

मला काळजी वाटते. गाणं सोडून तिच्याकडे दुसरं काय आहे? तुझे वडील गेले, ती इथे माहेरी आली, तेव्हापासून मी तिला दुसरं काही करताना पाहिलं नाही. तूच विचार. कागदावर विचार, कागदावर ती खोटं बोलत नाही असं वाटतं.

जयदेव

◆

बदलापूर
२० मे

विनिता पोरी,

तुझं पत्र मिललं. गला हाय. तोंड गेलं.

ज्या तोंडानी मी देवीला खरं बोलावलं त्याच तोंडानी तिच्या नावानी खोटं बोलले. वेणूच्या पोरासाठी बोलले, किर्तीसाठी बोलले, आचाऱ्यासाठी बोलले. परत तसा दिवस आला तर परत बोलेन. मना पस्तावा नाय. पन त्या तोंडानी आता धवला नाय. देवीनी सांगितलं नाय, माझं मीच ठरवलं. तुला पटनार नाय, म्हनून वाद घालू नको.

तू लिवलेलं पाठ करताना मजा आली. चालीवर बसत नव्हतं. लघवीचं तर बसतच नव्हतं, दोन दिवस लागले. बायका आता ते जात्यावर म्हनतात, मिक्सरवर म्हनतात. मी खरं सांगितलं तर म्हनायच्या थांबतील, म्हनून सांगत नाय. तू पन सांगू नको.

जयदेवला सगलं कललंय. तो पाया पडला तवा त्यानी माझा अंगठा दाबला, जोरान. लहानपनी चोरून कैऱ्या आनायचा आनि मी दादाला सांगू नये म्हनून असाच दाबायचा. मना कललंय ते तेला सांगू नको, तेला वाईट वाटेल.

वेणूला सगलं शिकवून झालं. परवा एक राहिलं होतं ते पन सांगितलं, कडव्याकडव्याला पानी प्यायचं, देवी समोर असली तरी प्यायचं. ती बोलली, काकीचा नियम? मी बोलले, नियम मी मोडला, खुद्द मी. देवीवर नाय ढकललं.

जावयांना सांभाल. दुपारी बाहेर सोडू नको.

मी पन दुपारी घरान असते. माठाजवल बसते. तहान लागली का पानी पिते, आनि गानं आठवलं का परत पिते.

तुझी आई